शनवार तेल्यांचा इतिहास कोणी लिहावयाचा?

जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी व्होर्म्स नावाचे एक जुने शहर आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते माहीत असते ते मार्टिन ल्यूथरमुळे. १५२१ मध्ये सम्राटापुढे उभे राहून ल्यूथरने आपली मते मागे घेण्याचे नाकारले ते याच शहरी. परंतु या शहराला दुसराही एक इतिहास आहे व तो ल्यूथरच्याही आधी पाचशे वर्षे सुरू झालेला आहे. इ. स. १०३४ मध्ये येथील ज्यूंनी आपले प्रार्थनामंदिर बांधले. ज्यू धर्मग्रंथांचा थोर भाष्यकार राशी हा तरुणपणी या गावी शिकावयास राहिला होता. १०९६ मध्ये धर्मयुद्धास निघालेल्या टोळ्यांनी वाटेत येथील ज्यूंची कत्तल केली. १३४९ मध्ये प्लेगच्या काळात, ज्यूंनी विहिरींत विष कालविले असा आळ घेऊन त्यांची वस्ती पुन्हा उद्ध्वस्त करण्यात आली. दोन्ही वेळा वाचलेले व नवे आलेले ज्यू तेथे परत वसले. तिसऱ्या वेळी मात्र तसे घडले नाही. १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आला तेव्हा, व्होर्म्समध्ये सुमारे एक हजार ज्यू होते. ९ व १० नोव्हेंबर १९३८ च्या दरम्यान त्यांचे मंदिर जाळण्यात आले. जे देश सोडून जाऊ शकले नाहीत त्यांना १९४२ मध्ये पूर्वेकडील छावण्यांकडे रवाना करण्यात आले आणि नऊशे वर्षांची वस्ती संपली. पुढे जर्मन सरकारने ते मंदिर जुनेच दगड शक्य तेथे वापरून पुन्हा उभारले व १९६१ मध्ये ते खुले झाले. २०२१ मध्ये युनेस्कोने त्याला आणि तेथील प्राचीन ज्यू दफनभूमीला जागतिक वारशाचा दर्जा दिला. इमारत उभी आहे; ज्यांची ती होती ते नाहीत.

अलिबागेतील इस्रायल आळीतही असेच एक प्रार्थनामंदिर आहे. ते १८४८ मध्ये स्थापन झाले. त्याला कोणी आग लावली नाही, त्याच्या दारावर कोणी धोंडा मारला नाही. तरीही एकेकाळी ज्या आळीत घरोघर शनिवारी चूल थंड असे, त्या आळीत आज प्रार्थनेला आवश्यक असलेले दहा पुरुष जमणे हा भाग्ययोग समजावा लागतो. रेवदंडा, पेण, पनवेल येथील मंदिरांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे. एका गावातून शेजाऱ्यांनी हाकलून दिले व मारले. दुसऱ्या गावातून माणसे आपण होऊन, शेजाऱ्यांच्या गळ्यात पडून रडून गेली. या दोन रिकामेपणांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे आणि ते अंतर विसरून चालणार नाही. तथापि एक विचित्र गोष्ट अशी की, ज्या गावाने पाप केले त्या गावाला आज आपल्या ज्यूंचा इतिहास बारीकसारीक तपशिलांसह ठाऊक आहे, आणि ज्या महाराष्ट्राने ते पाप केले नाही त्याला तो जवळजवळ ठाऊक नाही.

लातूर-नांदेडच्या वाचकाला ज्यू शेजारी भेटण्याचा योग बहुधा आला नसेल. परंतु तेलाचा घाणा ही वस्तू या भागाला परकी नाही. करडई, शेंगदाणा, जवस आणि आता सोयाबीन यांवर लातूरची पेठ मोठी झाली, आणि बैल जुंपलेला लाकडी घाणा पाहिलेली माणसे अजून हयात आहेत. कोकणात, त्यावेळच्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, घाणा चालविणाऱ्यांचे दोन वर्ग ओळखले जात. सोमवारी, शंकराच्या वारी, घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. शनिवारी बंद ठेवणारे ते शनवार तेली. (शनिवारी तेल विकत आणू नये असा संकेत आपल्याकडे अनेक घरांत पाळतात, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, तो शनीचा प्रताप.) शनवार तेली शनिवारी का थांबतात, याची चौकशी शतकानुशतके कोणाला करावीशी वाटली नाही. प्रत्येक जातीचा काही ना काही कुळाचार असतो, तसा यांचा हा, एवढे स्पष्टीकरण गावाला पुरेसे होते. हे लोक स्वतःला 'बेने इस्रायल', म्हणजे इस्रायलची लेकरे, असे म्हणवीत.

त्यांची परंपरा अशी सांगते की, फार प्राचीन काळी स्वदेशातील छळातून पळून निघालेल्या ज्यूंचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. समुद्राने परत दिलेली प्रेते त्यांनी नवगावलाच पुरली व ती जागा आजही दाखविली जाते. या कथेचा काळ कोणता, याविषयी विद्वानांत एकमत नाही. काहीजण ती ख्रिस्तपूर्व मानतात, काहीजण बरीच अलीकडची. कोकणचा वाचक मात्र एका गोष्टीने चकित होईल. फुटलेले जहाज आणि किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेते हा धागा चित्पावनांच्या उत्पत्तिकथेतही आहे. दोन शेजाऱ्यांनी एकच गोष्ट आपापल्या परीने सांगितली की एकाने दुसऱ्याची उचलली, हे ठरविण्यात फारसे हशील नाही. एवढे मात्र खरे की, ही माणसे कोकणच्या मातीत इतकी मुरली की त्यांची उत्पत्तिकथादेखील कोकणी होऊन बसली.

ग्रंथ समुद्रात गेले, हिब्रू भाषा विसरली, परंतु काही गोष्टी शिल्लक राहिल्या: शनिवारचा विसावा, मुलाची सुंता, खवले व पर असलेलेच मासे खाणे आणि ईश्वर एक आहे असे सांगणारे 'शमा' हे एक प्रार्थनावचन. दावीद राहबी नावाच्या एका परदेशी ज्यूने याच खुणांवरून त्यांना ओळखले, असे सांगतात. त्याने तऱ्हेतऱ्हेचे मासे आणून घरातील बायकांपुढे ठेवले. त्यांनी बिनखवल्यांचे मासे निमूटपणे बाजूला सारले. त्याची खात्री पटली. ही कथा शब्दशः खरी असो वा नसो, जो धर्म पोथीत उरला नाही तो स्वयंपाकघरात उरला, हे तिच्यातील सत्य कोणाही मराठी गृहिणीला सांगावे लागणार नाही.

या लोकांची नावेच पाहावीत. किहीमचे केहिमकर, नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, चौलचे चेऊलकर, झिराडचे झिराडकर. अशी शंभराहून अधिक आडनावे आहेत आणि त्यांपैकी प्रत्येक म्हणजे एका गावाचा दाखला आहे. सॅम्युएलचा सामाजी झाला, अब्राहमचा आबाजी, मोझेसचा मुसाजी. सणांची नावे तर याहून बोलकी आहेत. वर्षारंभाचा तो 'नव्याचा सण'. प्रायश्चित्ताच्या कडक उपासाचा, घराची दारे लावून घेऊन आत बसण्याचा, तो 'दारफळणीचा सण'. जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस म्हणजे 'बिरड्याचा सण', कारण त्या दिवशी वालाचे बिरडे करावयाचे. एस्तेर राणीच्या स्मरणाचा सण होळीच्या सुमारास येतो, म्हणून तो 'होळीचा सण'. मिसर देशातून झालेल्या सुटकेच्या सणात आंबवलेले काही वापरावयाचे नसते. त्या दिवसांत आंबट रसाचे भांडे झाकून ठेवीत, म्हणून तो 'अनाशी ढाकाचा सण'. जेरुसलेमचा शोक आणि वालाचे बिरडे ही जोडी जगात दुसरीकडे कोठे सापडावयाची नाही. एलियाहू पैगंबराच्या नावाने हे लोक पोहे, नारळ, साखर व फळे यांचा 'मलिदा' करतात. अलिबागजवळ खंडाळे येथील एका खडकावर एलियाहूच्या रथाची खूण उमटली आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे. नवस फेडण्यास लोक तेथे जातात. एलियाहू कोकणात उतरला, यात कोकणी माणसाला नवल वाटण्याचे कारण नाही.

मात्र कोकणच्या या सामावून घेण्याचे यंत्र कोणते होते, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ते यंत्र जातीचे होते. ज्यूंना येथे स्थान मिळाले ते आणखी एक जात म्हणून. त्या स्थानाबरोबर जातीच्या भिंतीही आल्या. बेने इस्रायलांत 'गोरे' व 'काळे' असे दोन भेद पडले व त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. विधवाविवाह निषिद्ध ठरला. ज्यू धर्माची मुभा असताना गोमांस वर्ज्य झाले. मुंबईत बगदादहून आलेले श्रीमंत ज्यू स्थायिक झाले, तेव्हा त्यांनी या मराठी धर्मबांधवांना आपल्यापेक्षा हलके लेखले, आणि बेने इस्रायलांनी स्वतःच्या 'काळ्यां'ना जसे वागविले तसेच आपल्याला वागविले जात आहे, हे त्यांच्या लक्षात येण्यास वेळ लागला. कोकणातील सहजीवनाचे गोडवे गाताना हा भाग गाळला जातो. तो गाळल्याने चित्र सुंदर होते, खरे होत नाही.

अठराव्या शतकात घाण्यावरून ही माणसे पलटणीत गेली. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत पुष्कळ बेने इस्रायल सुभेदार, सुभेदार-मेजर या हुद्द्यांवर चढले. त्यांतील सामाजी हसाजी दिवेकर हा टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला होता. तो सुटून आला व १७९६ मध्ये त्याने मुंबईत बेने इस्रायलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. हे लोक आपल्या मंदिरास 'मशीद' म्हणत, आणि मुंबईच्या मध्य रेल्वेवरील मशीद स्थानकाचे नाव या मंदिरावरून पडले असे सांगितले जाते. त्या स्थानकावर रोज उतरणाऱ्या हजारो कारकुनांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे.

यानंतरचे शतक बेने इस्रायलांच्या मराठीचे शतक होय आणि मराठीच्या अध्यापकांनी येथे थोडे थांबावे. अमेरिकन व स्कॉटिश मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी शाळा काढल्या. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. धर्मांतरे घडतील ही मिशनऱ्यांची आशा होती. ती जवळजवळ विफल झाली. उलट मिशनऱ्यांच्या मराठी बायबलामुळे या लोकांना आपलाच जुना करार आपल्या बोलीत वाचावयास मिळाला आणि ते पूर्वीपेक्षा अधिक जाणते ज्यू झाले. सुटकेच्या सणाच्या रात्री घरोघर वाचावयाची 'हग्गादा' ही पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये निघाली. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या हग्गादेत चित्रे आहेत. त्यांत सणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसून बसलेल्या आहेत. जोसेफ एझेकिएल राजपूरकर हे मुंबईत ज्यू विद्यार्थ्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत आणले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये समाजाची शाळा स्थापन केली, आणि समाजाचा पहिला मोठा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो छापला जाण्यास चाळीस वर्षे लागली. १९३७ मध्ये तो प्रसिद्ध झाला तो मुंबईस नव्हे, तेल अवीवला. आणि लिहिला होता इंग्रजीत.

याच काळात, १८८० च्या सुमारास, बेने इस्रायलांनी कीर्तन उचलले. हातात झांजा, साथीला पेटी, साकी-दिंडीच्या चाली आणि आख्यान कोणाचे, तर अब्राहमचे, योसेफाचे, मोशेचे. भावांनी विहिरीत टाकलेला योसेफ हा कीर्तनकाराला हवा तसाच नायक. हरिदासाच्या फडात जे श्रोते हुंदके देत तेच मशिदीच्या आवारात योसेफासाठी देत असले पाहिजेत. महाराष्ट्राच्या कीर्तनपरंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ही शाखा आपल्या वंशावळीत दाखविलेली सहसा आढळत नाही. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांतून ख्रिस्ती मराठी वाङ्मयाला प्रकरण मिळते, मुसलमान मराठी संतकवींना मिळते. बेने इस्रायल मराठीला एखादा परिच्छेद मिळाला तरी पुष्कळ.

शहरात आलेल्या पिढ्यांनी कारकुनी, शिक्षकी, रेल्वे, टपाल, जकात, इस्पितळे या ठिकाणी नोकऱ्या धरल्या. म्हणजे प्रस्तुत लेखाचा वाचक ज्या वर्गातला आहे, त्याच वर्गातली ही माणसे. त्यांतून काही नावे वर आली. जंजिरा संस्थानचे कारभारी शालोम बापूजी इस्रायल. १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस, ज्यांच्या नावाचा रस्ता वरळीस आहे. कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड, ज्यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. 'बूट पॉलिश' या १९५४ च्या चित्रपटातील जॉनचाचा म्हणून घरोघरी पोचलेले डेव्हिड, म्हणजेच डेव्हिड अब्राहम चेऊलकर. कवी निस्सीम एझेकिएल यांना १९८३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०१० मध्ये एस्तेर डेव्हिड यांच्या अलिबागच्या परिसरातील एका वृद्ध ज्यू विधवेविषयीच्या कादंबरीला तोच पुरस्कार मिळाला. दोन्ही पुरस्कार इंग्रजीसाठी. कोकणातील मराठी ज्यूंची गोष्ट देशाने मानली ती इंग्रजीत सांगितल्यावर.

मग ही माणसे गेली का? छळ हे कारण नव्हते. १८९७ मध्ये झायोनिस्टांच्या पहिल्या परिषदेचे निमंत्रण आले तेव्हा बेने इस्रायल पुढाऱ्यांनी ते नाकारले. आपण ईश्वरी संकेताची वाट पाहत आहोत, असा त्यांचा पवित्रा होता. परंतु १९४७ मध्ये इंग्रज गेले आणि १९४८ मध्ये इस्रायल झाले, हे एकामागोमाग घडले. सरकारी खात्यांतील ठरलेल्या जागा जातील की काय ही मध्यमवर्गीय धास्ती, प्रार्थनेत रोज उच्चारलेल्या भूमीची ओढ, आणि एक भाऊ गेला म्हणून दुसऱ्याने जाणे, या तिन्हींचे मिश्रण त्या स्थलांतरात आहे. १९५१ च्या जनगणनेत भारतात पंचवीस हजारांहून अधिक ज्यू होते; २०११ मध्ये साडेचार हजारांच्या आसपास उरले आणि त्यांतील निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात.

तेथे त्यांचे काय झाले, हा भाग मन लावून वाचण्याजोगा आहे. वाळवंटाच्या कडेच्या नव्या गावांत, बिरशेबा, दिमोना अशा ठिकाणी, त्यांना वसविण्यात आले. रंगावरून वागणूक मिळते, कामे हलकी दिली जातात, अशी तक्रार करीत काहीजणांनी १९५१ मध्ये धरणे धरले व भारतात परत पाठविण्याची मागणी केली. काही कुटुंबे १९५२ मध्ये खरोखरच परतली. त्याहून जिव्हारी लागणारा घाव पुढे बसला. १९६० नंतर तेथील धर्मगुरूंनी असे ठरविले की, बेने इस्रायल स्त्री-पुरुषाचा दुसऱ्या ज्यूशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. ज्यांनी एक वचन आणि एक वार एवढ्या आधारावर शतकानुशतके धर्म टिकविला, त्यांना आपण ज्यू असल्याचा पुरावा मागण्यात आला. तीव्र आंदोलन झाले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने, बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, असा निर्वाळा दिला. कोकणातल्या गावाने त्यांना तेली म्हटले. पण ते शनवारचे तेली आहेत, याविषयी कधी शंका घेतली नाही.

यावरून आपल्याकडे जो निष्कर्ष हमखास काढला जातो तो असा: ज्यूंचा छळ झाला नाही असा हा एकमेव देश; पाहा आमची सहिष्णुता. सभांतून हे वाक्य टाळ्या घेते. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत नरिमन हाऊसवर झालेला हल्ला हा बाहेरून आलेल्या दहशतवाद्यांचा होता, तेव्हा वाक्य बहुतांशी खरेही आहे. पण या वाक्याचा उपयोग काय होतो ते पाहावे. ते उच्चारले की पुढे काही जाणून घेण्याची गरज उरत नाही. न मारणे हे सद्वर्तन खरे, परंतु ती ओळख नव्हे. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. दाखल्यांच्या व नोंदींच्या दृष्टीने त्याचा उपयोग आहेच. मात्र शासकीय ठरावाने बिरड्याच्या सणाचा अर्थ कोणाला कळत नाही.

जर्मन गावांनी आपल्या ज्यूंचा इतिहास लिहिला तो सुखासुखी नव्हे. युद्धानंतर कित्येक वर्षे तेथेही मौन होते. ते मोडण्यात शाळामास्तर, दप्तरखान्यातील कर्मचारी आणि विद्यार्थी यांचा वाटा मोठा आहे. पासाऊ या गावची आना रोस्मुस ही मुलगी १९८० च्या सुमारास शालेय निबंधस्पर्धेसाठी आपल्या गावाचा नाझी काळातील इतिहास शोधू लागली. गावात नाझी थोडे होते व विरोधक पुष्कळ, असेच तिला तोवर सांगण्यात आले होते. कागदपत्रे दाखविण्यास टाळाटाळ झाली, तेव्हा ती न्यायालयात गेली. तिला धमक्या आल्या, शेजारी बोलेनासे झाले. तरी १९८३ मध्ये तिचे पुस्तक निघालेच. पुढे १९९२ पासून गुंटर डेमनिग या कलावंताने, नाझींनी नेलेल्या माणसांच्या घरापुढील फरसबंदीत, तळहाताएवढे पितळी पत्रे बसविण्यास आरंभ केला. पत्र्यावर एवढेच: येथे अमुक राहत होते, जन्म अमुक साली, नेले अमुक साली. २०२३ पर्यंत असे एक लाख पत्रे युरोपभर बसले. वाचण्यासाठी मान वाकवावी लागते.

नांदेड आणि लातूरच्या वाचकाला हा जर्मन भाग दूरचा वाटू नये. दर १७ सप्टेंबरला येथे मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा ध्वज फडकतो. रझाकारांनी खेड्यापाड्यांवर केलेले अत्याचार सांगितले जातात व ते सांगितलेच पाहिजेत. परंतु १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत याच मुलखातील मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले, ते पाहण्यासाठी केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक पथक पाठविले होते. सर्वाधिक झळ पोचलेले म्हणून त्या पथकाने जे चार जिल्हे सांगितले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. संस्थानभरातील मृतांचा त्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा होता. आकड्याविषयी मतभेद आहेत. हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून वाचविल्याच्या नोंदीही त्यात आहेत. तो अहवाल कित्येक दशके बंद कपाटात राहिला. जर्मनीतील संहाराशी याची बरोबरी करण्याचे कारण नाही. ती इतिहासाची थट्टा होईल. तथापि कोकणच्या ज्यूंचे उदाहरण देऊन सहिष्णुतेचे प्रशस्तिपत्र सबंध महाराष्ट्राच्या नावे फाडावयाचे असेल, तर नांदेडला बसून ते जरा जपून फाडावे. पासाऊच्या मुलीसारखा निबंध लिहिणारा विद्यार्थी आपल्याकडे निघाला, तर त्याला दप्तर उघडून देणारा कारकून आणि पाठीशी उभा राहणारा शिक्षक मिळेल काय, हा प्रश्न येथील शाळा-महाविद्यालयांनी स्वतःला विचारून पाहण्यासारखा आहे.

बेने इस्रायलांच्या बाबतीत तर भीतीचेही कारण नाही. लपविण्यासारखे काही नसताना ही उपेक्षा होत आहे, म्हणून ती अधिक अक्षम्य. परदेशी अभ्यासकांनी इंग्रजीत त्यांच्यावर मोठे ग्रंथ लिहिले. पण त्यांची साधने मराठीत आहेत, आणि मराठी वाचणारा अभ्यासक जे पाहील ते इतरांना दिसणार नाही. कीर्तनांची आख्याने, जुन्या हग्गादा, समाजाची नियतकालिके, मंदिरांची वर्गणीची वह्या-पुस्तके, कोकणातील दफनभूमींतील हिब्रू व मराठी कोरलेले दगड, हे सर्व देवनागरी आणि काही ठिकाणी मोडी जाणणाऱ्याची वाट पाहत आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात काय किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात काय, मराठीच्या प्रबंधांसाठी विषय पुरत नाहीत अशी ओरड दरवर्षी असते. त्याच त्या पाच कादंबरीकारांवर पन्नासावा प्रबंध लिहिण्याऐवजी एखाद्याने राजपूरकरांच्या मराठीवर लिहिला, तर मार्गदर्शकाची थोडी पंचाईत होईल, एवढेच. जालना-परभणीकडच्या मुलाला कोकण दूर पडते ही सबब खरी नाही. मुंबईच्या ग्रंथालयांतच पुष्कळ कागद आहेत आणि मुंबईला जाणारी गाडी नांदेडहून रोज सुटते.

घाई करावयास हवी ती माणसांसाठी. ज्यांनी दारफळणीच्या सणाला आजीबरोबर दारे लावून घेतली, ज्यांनी योसेफाचे आख्यान उभ्याने ऐकले, ती माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. काही ठाण्यास, काही पुण्याच्या रास्ता पेठेत, काही दिमोनात. १९८० च्या दशकात इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघाले व ते तेथे गेलेल्या पिढीने प्रेमाने चालविले. त्या पिढीची नातवंडे हिब्रू बोलतात. त्यांना आडनाव चेऊलकर आहे हे माहीत असते. चौल कोठे आहे, हे सुट्टीत भारतात आल्यावर अलिबागच्या रिक्षावाल्याला विचारावे लागते.